पुलावर रिव्हर्स कोण घेणार?

“मॅडम, मला मागे यायचंय,” शेठ म्हणाले.

त्यांचा योद्धा अरुंद पुलावर अडकला होता. समोर राक्षस, अंगात जीव जेमतेम. शेठ म्हणजे उरणच्या एका ट्रेलर कंपनीचे मालक. मी गेम मास्टर. टेबलावर नकाशा मांडून लोकांना गोष्टीतल्या लढाया खेळवायच्या आणि राक्षसाच्या बाजूने आपण खेळायचं, हा माझा धंदा. घरी तो अजून कुणाला पटलेला नाही. खेळ आवडला तर शेठ स्टाफसाठी दर महिन्याचं काम देणार होते. पहिल्याच लढाईत मालक मेला तर कसलं काम?

मी नियम सांगितला. एका टर्नमध्ये सहा चौकोन चालता येतं. शत्रूला चिकटून असताना पाठ फिरवली की त्याला एक वार फुकट मिळतो. तो चुकवायचा तर ‘डिसएंगेज’ करायचं, म्हणजे हल्ला सोडून सांभाळून मागे सरायचं. मित्राच्या चौकोनातून जाता येतं, पण चाल दुप्पट खर्च होते. आणि तिथे थांबता येत नाही.

शेठच्या मागे स्टाफचे तिघे ओळीने चिकटून उभे. त्यांना ओलांडण्यातच सहाच्या सहा संपत होते, पलीकडे थांबायला एकही उरत नव्हता.

“शेवटच्याने एक चौकोन मागे सरावं, मधल्या जागेत शेठ सुटतील,” मी म्हटलं. खेळाडूंना चाल मी एरवी कधी सुचवत नाही, पण पोटाचा प्रश्न होता.

शेवटी उभा होता गाड्या रवाना करणारा, डिस्पॅचचा भोईर. “मी कशाला रिव्हर्स घेऊ? माझी साइड बरोबर हाय.”

“अरे, एकच चौकोन!” अकाउंट्सच्या म्हात्रे मॅडम ओरडल्या.

“आज एक दिला, उद्या अख्खा पूल मागतील.”

“भोईर, मागे घे!” शेठ कडाडले.

“शेठ, रस्त्यावर गाड्यांसाठी तुम्हीच सांगलंय ना? आपली साइड बरोबर असंल तर कुणाच्या बापाला रिव्हर्स द्यायचा न्हाय.”

भोईरने त्याच्या टर्नला तोंडाने हॉर्न वाजवला. मग राक्षसाचा टर्न आला. फासे मी उघडच टाकते, त्यामुळे लपवायला काही नव्हतं. शेठ आडवे झाले.

मी नकाशा गुंडाळायला घेतला.

“राहू दे,” शेठ म्हणाले. “दर महिन्याला या. ड्रायव्हरांनाही बसवा. फक्त मला भोईरच्या मागं उभं करा.”

तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला मी पहिल्यांदा हेच सांगते: पुढे जाण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा. तो आपणच तयार केलेला असेल, तर जरा जास्तच बघा.