अर्धी बकेट

ऑरिन लाप्लांट जानेवारीत गेला आणि मे उजाडला तरी त्याला मूठमाती मिळाली नव्हती. यात कुणाची हयगय नव्हती. व्हरमाँटच्या त्या डोंगरातल्या गावात थंडीत जमीन अशी गोठते की कुदळ मारावी तर दांडाच मोडायचा. म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं स्मशानाच्या कडेला असलेल्या दगडी कोठीत, आपापल्या शवपेटीत थांबतात. बर्फ उतरून जमीन मऊ झाली, की एकेकाला पुरतात. त्या वर्षी तिघं थांबली होती आणि ऑरिनची पाळी मेच्या दुसऱ्या शनिवारी होती.

त्याची बायको व्हर्निस रोज सकाळी टपाल आणायला जाताना त्या कोठीपाशी गाडी हळू करायची. लोखंडी दाराकडे बघून काहीबाही सांगायची. यंदा मेपलचा रस कमीच निघाला, कोंबड्या पुन्हा अंडी घालायला लागल्या, असलं काहीतरी. अडुसष्ट वर्षांच्या बाईला चार महिने दाराशी बोलून बोलून नवरा गेलाय हे पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते पटवून घ्यायचंही नव्हतं. तो मेलाय पण अजून गावात आहे, एवढ्यावर तिचा हिवाळा निभावला होता.

एप्रिलच्या सुरुवातीला ती सिरिल लाबाउंटीकडे गेली. सिरिल तिचा शेजारी, आणि गावाच्या स्मशानाची देखभालही त्याच्याचकडे. खड्डे खणायला आणि बुजवायला तो खालच्या गावातून यंत्रवाल्याला बोलवायचा.

"खड्डा यंत्रवाल्याला खणू दे," व्हर्निस म्हणाली. "बुजवणार मी. ऑरिनच्या ट्रॅक्टरनं."

सिरिलनं कॉफीचा कप खाली ठेवला. "कोण, तू? त्याच ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मोडलेली तू?"

सिरिलच्या जिभेला हाड नाही, पण बोलला ते खोटं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमधल्या पावसानं घरापुढचा रस्ता वाहून गेला होता आणि ऑरिन गोठ्यात होता. त्याचा ट्रॅक्टर छोटासा, पुढे माती-खडी उचलायची लोडरची बकेट. असल्या ट्रॅक्टरनं पुढे ओझं उचललं की मागची चाकं हलकी होतात आणि सगळा भार पुढच्या एक्सलवर, म्हणजे चाकांच्या कण्यावर, येतो. म्हणून ऑरिननं शेतातले दगड भरून एक जड पेटी केली होती. लोडर चालवायचा तर आधी ती मागे जोडायची. पेटी लावायला दहा मिनिटं लागायची. व्हर्निसला त्या दहा मिनिटांचा कंटाळा आला. तिनं ओल्या खडीची बकेट शिगोशीग भरली, चांगली उंच धरली आणि उतारावर वळली. मागची चाकं उचलली गेली. घाबरून तिनं ब्रेक दाबला, पुढचं चाक चाकोरीत आदळलं आणि कडकन आवाज झाला. चाक बाहेरच्या बाजूला वाकडं होऊन पडलं.

ऑरिन आला. उकिडवा बसून त्यानं मोडलेलं बघितलं. "तुला लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. नवा एक्सल यायला सहा आठवडे गेले, कापलेलं गवत पावसात भिजून काळं पडलं, तरी हा बाबा एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. व्हर्निसनं कानाला खडा लावला आणि पुन्हा त्या सीटवर बसली नाही.

पुढे दर वसंतात खडीचं काम निघालं की ऑरिन ट्रॅक्टरपाशी उभा राहून हाक मारायचा. "व्हर्नी, बस ना. मी आहे शेजारी."

"माझा सफरचंदाचा पाय ओव्हनमध्ये आहे," ती आतून सांगायची.

"कुठला? डावा की उजवा?" तो विचारायचा आणि स्वतःच चढायचा. आणि मग, कळसच म्हणायचा, काम करताकरता तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून ओरडत राहायचा. "आता पेटी लावतोय, व्हर्नी! एक्सलच्या खिळ्याला ग्रीस मारतोय! बकेट खाली, गुडघ्याच्या वर नाही! ढिगाऱ्यावर धडक द्यायची नाही, हळूच घुसायचं! ट्रॅक्टर उभा असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही! अर्धी बकेट, दोन फेऱ्या!" शेजारच्या टेकडीवर ऐकू जायचं. तिला लाज वाटायची, ती खिडकी लावून घ्यायची. गेल्या वर्षी त्याला धाप लागत होती, तरी त्यानं सीटवर हात थोपटून विचारलंच. ती नाहीच म्हणाली. अकरा वर्षांत अकरा वेळा नाही. हे आठवलं की तिला जेवण जात नसे.

"ऐक माझं," सिरिल म्हणाला. "मेमध्ये तिथली जमीन ओली असते. मध्येच चाक रुतलं, एक्सल गेला, तर ऑरिन अर्धा उघडा आणि अख्खं गाव हातात सँडविच धरून उभं. तुला चालेल?"

"नाही चालणार. म्हणूनच तर शिकायचंय."

लेकीचाही फोन आला. "आई, कशाला हा हट्ट? यंत्रवाला वीस मिनिटांत उरकेल."

"तेच नकोय मला," व्हर्निस म्हणाली आणि विषय बदलला.

सबंध एप्रिल तिनं घरामागे खडीचा एकच ढीग इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केला. पहिल्या दिवशी नुसती पेटी जोडायला एक तास दहा मिनिटं लागली. खिळा भोकात बसेना, बोटाची सालटी निघाली. सिरिल उलट्या बादलीवर बसून बघत होता.

"ऑरिन दहा मिनिटांत लावायचा," तो म्हणाला.

"मग बोलाव त्याला."

सिरिल बादलीवरून उठला आणि त्यानं पेटीला खांदा लावला.

शिकवायला मात्र सिरिलची गरज पडली नाही. सगळं तिला तोंडपाठ होतं. खिडकी लावून घेतली तरी अकरा वर्षांचं ओरडणं काचेतून आत आलंच होतं. ती बकेट उचलायची आणि कानात आवाज यायचा, गुडघ्याच्या वर नाही. ती खिडकी आपण उघडी का नाही ठेवली, या विचारानं एकदा तिनं इंजिन बंद केलं आणि सीटवरच बसून रडली. मग नाक पुसून पुन्हा चालू केलं.

दुसरा शनिवार आला. पाद्र्यानं प्रार्थना थोडक्यात आटपली. शवपेटी खड्ड्यात उतरली. सिरिलनं ओल्या जागेवर फळ्या टाकून ठेवल्या होत्या. व्हर्निस चांगल्या निळ्या पोशाखात होती, पायात मात्र रबरी बूट. ती सीटवर चढली.

"दगडांची पेटी लावली आहे, ऑरिन," ती खड्ड्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "ग्रीस मारलंय. आता निघते."

ती हळूच ढिगाऱ्यात घुसली, अर्धीच बकेट भरली, जमिनीलगत धरून फळ्यांवरून आणली आणि कडेला थांबून ओतली. पहिल्या मातीचा आवाज थांबेपर्यंत ती तिथेच थांबली. मग मागे, वळण, पुन्हा ढिगारा. पाच झाल्या, सहा झाल्या. ऑरिनची बहीण खुर्चीवर बसली. चर्चच्या बायकांनी नंतरच्या खाण्यासाठी आणलेल्या सँडविचवर फडकं टाकलं. लेक जागची हलली नाही.

नवव्या फेरीला सिरिल चाकापाशी आला. "आता भर की पूर्ण. माती कोरडी आहे, पेलेल."

"अर्धीच."

"व्हर्नी, एक्सलला काही होत नाही गं एवढ्यानं. संपेल तरी लवकर."

"सिरिल," ती म्हणाली, "मला लवकर संपवायचं नाहीये."

तो बाजूला झाला आणि त्यानं टोपी काढून हातात धरली.

एकोणीस फेऱ्या झाल्या. पुढचं चाक कुठे रुतलं नाही, कुठे आदळलं नाही. शेवटची बकेट ओतली तेव्हा ढिगाऱ्याच्या जागी नुसतं दबलेलं गवत उरलं होतं. सिरिलनं लांबूनच हातानं खूण केली, झालं म्हणून. व्हर्निसला ती दिसली होती. तरी तिनं बकेट गुडघ्याच्या खाली ठेवली, ट्रॅक्टर वळवला आणि सावकाश त्या गवतापर्यंत आणखी एकदा जाऊन आली.