भातातलं तण

आमच्या आंदर मावळातल्या त्या मावशी बेणणीला, म्हणजे भातातलं तण काढायला, कुणालाच सोबत घेत नसत. हुबेहूब भातासारखं दिसणारं एक तण असतं. लोंबी येईस्तोवर ते भल्याभल्यांना ओळखू येत नाही. मावशी मात्र वाकून रोपाचा बुडखा चाचपत, "सोंगाड्या हाय ह्यो," म्हणत आणि उपटून टाकत.

मी गावची आशाताई. मावशींचा खोकला हटेना, तेव्हा छातीच्या फोटोवरून टीबी ठरला. थुंकी तपासायची तसदी कुणी घेतली नाही, मीही नाही. सहा महिने माझ्या हातानं गोळ्या दिल्या. खोकला वाढला तरी "कोर्स पुरा करा" म्हणून दटावलं. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही.

शेवटी पुण्याला नेलं, तर निघाला फुफ्फुसाचा कॅन्सर. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की अंगातले शिपाई, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, त्याला मारायला येतात, पण तो "मी घरचाच" अशी खूण दाखवतो आणि ते माघारी फिरतात. नवं औषध ती खूण चालू देत नाही. पण सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही.

"देऊन बघू," ते म्हणाले. "सहा महिने आधी यायला हवं होतं."

मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परवा त्यांच्या बांधावर गेले. धाप लागलेली, तरी बेणणी चालूच. "त्या शिपायांनाच डोळे नाहीत, मावशी," मी म्हणाले.

"आज तू बी उतर," त्या म्हणाल्या.

मी भीत भीत तण काढत पुढे सरकले. मागून येत त्यांनी मी सोडलेलं एक रोप उपटलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"शिपायास्नी कशाला नावं ठिवायची, पोरी? ह्ये तूच सोडलंस, भात म्हून."