गाडीतलं सगळं सुटं सामान मी काढलं होतं

मंडळी, तीन तासांपूर्वीची गोष्ट.

रविवारी ट्रॅक डे आहे, म्हणजे आपापली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायची. तिथे गाडीत सुटं काही चालत नाही, म्हणून माझ्या स्पोर्ट्स कारमधून मॅट, जॅक, स्टेपनी, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा मी कालच काढली. नवे ब्रेक पॅड बसवले. ते रुळवायला आज देवपूरच्या पुढे, नव्या प्लॉटिंगच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो. ऐंशीचा वेग, मग जोरात ब्रेक, पुन्हा ऐंशी.

चौथ्यांदा पेडल दाबलंच जाईना. समोर कंपाउंडची भिंत! ओरडतच हँडब्रेक ओढला. गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर बंद पडली.

वाकून पाहिलं. पेडलखाली हळदकुंकू लावलेला नारळ. सीटखालून घरंगळत आलेला.

तेवढ्यात आईचा फोन. सकाळी मी आंघोळीला गेलो तेव्हा तिने गुपचूप गाडीची पूजा उरकली होती.

"नारळ शे ना रे गाडीमा? काढू नको. तोच तुले संभाळी."

"शे, आई," मी नारळ उचलत म्हणालो.

नारळ आत्ता माझ्या मांडीवर आहे. गाडीत ठेवायची भीती वाटते. आणि खरं सांगू? काढायचीही वाटते. तुम्ही काय केलं असतं?