सगळ्यांच्या मागची आंघोळ

कुठल्याही घरात शिरले की आबा आधी गच्चीवर जात नसत. चपला दाराशी काढायच्या, खताच्या पोत्यापासून शिवलेली अवजारांची पिशवी न्हाणीघरासमोर टेकवायची आणि माजघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "बठ्ठास्ना मांगे आंघोय कोन करस?"

सगळ्यांच्या मागून आंघोळ कोण करतं?

सोलर बसवायला आलेल्या प्लंबरने ऊन कुठून येतं ते बघावं, टाकीची उंची मोजावी. हा माणूस आंघोळीचे नंबर विचारतो म्हटल्यावर घरची मंडळी एकमेकांकडे बघत. कोणी हसे. कोणी म्हणे, "तसं काही ठरलेलं नाही हो आमच्यात." मग स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजाबरोबर उत्तर येई, "मी."

तुमच्याही घरी एकदा विचारून बघा. उत्तर कुठल्या खोलीतून येतं तेवढं लक्षात ठेवा.

चाळीसगावच्या एका निवृत्त गुरुजींनी आबांना सुनावलं होतं, "आमच्या घरात समानता आहे." आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "असते. आठ वाजेपर्यंत असते." आबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

मी तेव्हा जळगावच्या एका संस्थेत नव्याने लागले होते. काम सरळ होतं. विजेचे गिझर काढायला लावायचे आणि उन्हावर पाणी तापवणारे सोलर बसवून द्यायचे. जळगाव-धुळ्यात ऊन इतकं आहे की ते कुणी मोजत नाही, आणि त्याच गावांत लोक सकाळी उठून वीज जाळून पाणी तापवतात, हे बघून माझं डोकं फिरायचं. पत्रकं मीच लिहायचे. "उन्हाला मीटर नसतो!" ही ओळ माझी. ती मला फार आवडली होती. बसस्टँडवर, महिला मंडळात, बँकेच्या रांगेत, दिसेल त्याच्या हातात मी ती कोंबत असे.

आबा पारोळ्याचे. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, एका डोळ्याने जरा कमी दिसायचं. आमचे सोलर तेच बसवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातला गठ्ठा काढून घेतला आणि पाना दिला. "हाई धर. कागदले थंडी वाजत नही." मला राग आला. पण पाना धरला. जोड कसा आवळायचा, किती आवळला की आटे जातात, नळाला टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. शिकवताना ते एकदाही शाबास म्हणाले नाहीत.

आता धुळ्याच्या त्या घराबद्दल सांगते, कारण माझ्या डोक्यातून ते अजून जात नाही.

देवपुरातलं घर. घरात नाना म्हणजे सासरे, अक्का म्हणजे सासूबाई, दोन मुलगे, थोरल्याची बायको आणि तिची दोन वर्षांची मुलगी. त्या वहिनी माझ्या एका सभेला आल्या होत्या. सगळ्या बायका पत्रकाने वारा घेत असताना या एकट्या ते वाचत होत्या. सभा संपल्यावर जवळ येऊन त्यांनी विचारलं, "याला बटण नसतं ना?"

"कशाला?"

"सोलरला. बाहेरून बंद करायचं बटण."

त्यांच्या घरी गिझरचं बटण न्हाणीघराच्या बाहेर, पॅसेजात होतं. घरच्या चौघांच्या आंघोळी आटोपल्या की अक्का ते बंद करत. वाईट बाई नव्हत्या त्या. जाता-येता हात जातो, विजेची काळजी, दुसरं काही नाही. वहिनींची पाळी नवाच्या पुढे. टाकीत उरलं असेल तेवढं कोमट पाणी त्यांचं. बाळंतपणानंतर त्यांच्या हाताचे सांधे धरले होते. धुळ्याची थंडी ज्याला माहीत आहे त्याला मी काय सांगू? सकाळी त्यांची मूठ मिटत नसे. डॉक्टरांनी गरम पाण्याने आंघोळ करा, हात शेकत जा म्हणून सांगितलं होतं. सांगायला काय जातं?

"नाही, बटण नसतं," मी म्हणाले. "ऊन कुणाला बंद करता येत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी ठरवलं, हे घर मी करणारच.

दिवाळीआधी आम्ही गेलो. आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नेहमीच्या खोलीतून नेहमीचं उत्तर आलं. आबा नानांना म्हणाले, "नाना, दोनशे लिटरचा घ्या. शंभरमध्ये सूनबाईला उरणार नाही."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या पत्रकात छापलं होतं, पाच माणसांना शंभर लिटर पुरेसं. छापलं मीच होतं. शिवाय दोनशेचं म्हटलं की लोक "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात हे मला पाठ झालं होतं. मी म्हणाले, "शंभर पुरेल, नाना. हिशोबाने वापरलं की पुरतं."

आबांनी मला बाजूला घेतलं. "वरून गरम काढलं की खालून गार शिरतं ताई. पहिले तिघं गरम नेतील. चौथा कोमट. पाचवीला काय?"

"लोकांना सवय लागते, आबा."

"कोनले?"

शंभरचा बसला. आणि पत्रकातल्या पुढच्या मुद्द्याप्रमाणे जुना गिझर काढून भंगारात द्यायला लावला. गिझर राहिला की लोक परत त्याच्याकडे वळतात, असं आम्ही शिकवायचो.

जानेवारीत चौकशीला फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "छान आहे." त्या 'छान'मध्ये काहीतरी खटकलं. आबांना घेऊन मी गेले.

झालं होतं ते असं. गिझर होता तोवर दोघे भाऊ बादलीभर पाण्यात आटपायचे, कारण वडील बिलावरून बोलायचे. सोलर आला तसा न्हाणीघरात शॉवर लागला. थोरला वीस मिनिटं, धाकटा पंचवीस. आतून गाणी. दार वाजवलं की धाकटा ओरडायचा, "फुकट आहे गं आई! उन्हाला मीटर नसतो!"

माझी ओळ. माझ्याच तोंडावर.

नवाच्या पुढे टाकीत नुसतं गार पाणी. पूर्वी गिझरमधलं कोमट तरी मिळायचं, आता तेही गेलं. गॅसवर पातेलं ठेवलं तर सिलिंडर लवकर संपतो म्हणून अक्का कुरकुरत. वहिनी मागच्या अंगणातल्या मोरीत थंड पाण्याने आंघोळ करत होत्या. त्यांनी पदराखालून हात काढून दाखवले नाहीत. मला दिसले ते कप धरताना. दोन्ही तळव्यांत धरला होता, बोटं वाकत नव्हती म्हणून.

मी तिथेच भाषण सुरू करणार होते. आबांनी माझं मनगट धरलं आणि गच्चीवर नेलं.

पुढच्या आठवड्यात ते कुठूनसा एका मोडीत निघालेल्या सोलरचा छोटा थर्मास डबा घेऊन आले. चाळीस लिटरचा असेल. तो मोठ्या टाकीच्या स्टँडखाली बसवला. दुपारी तापलेलं पाणी आधी त्यात उतरणार आणि तिथून एकच पाइप निघणार, मागच्या मोरीत. पुढे शॉवरखाली कोणी कितीही गाणी म्हटली तरी या डब्याला धक्का नाही. मी नुसती बघत राहिले. पत्रकात न बसणारं असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

नाना वर आले. "हे काय नवीन?"

आबा मान वर न करता म्हणाले, "लाइन हवा धरते नाना. हा डबा हवा काढतो. नसला तर पुढे पाणीच चढणार नाही."

नानांनी मान डोलावली. ते वळले होते. दोन पायऱ्या उतरलेही होते.

आणि मी बोलले.

"हवा-बिवा काही नाही, नाना. हा डबा वहिनींसाठी आहे. तुमची मुलं सगळं गरम पाणी संपवतात. वहिनींना हक्काचं पाणी मिळायला पाहिजे की नको?"

शब्द अन् शब्द खरा होता. आजही मी त्यातला एक मागे घेणार नाही. पण नानांचा चेहरा ज्या पद्धतीने बंद झाला तसं दार बंद होताना मी पाहिलेलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात सून परकी आहे का? तिला वेगळी टाकी? गल्लीत काय सांगायचं, आम्ही तिला पाणी देत नाही?" मग आबांकडे वळून, "काढून टाका."

खाली अक्का वहिनींना विचारत होत्या, "तू सांगितलंस बाहेरच्या लोकांना?" वहिनींचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

आबांनी डबा काढला. डबा खांद्यावर घेऊन खाली आले, "हात धुतो" म्हणून न्हाणीघरात गेले, बराच वेळ लावला, बाहेर आले आणि आम्ही निघालो.

पारोळ्याची बस मिळेपर्यंत मी धुमसत होते. बसल्या बसल्या फुटले. "चोरून द्यायचं का बाईला गरम पाणी? खोटं बोलून? मग बदलणार काय, आबा?"

ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "तू खरं बोललीस. आते तिले सांग, खरानं आंघोय कर."

"तुम्हाला लढायचंच नाही."

"तू लढ ना. मी कुठे नाही म्हणतो? पण तू जिंकेपर्यंत तिनं रोज सकाळी काय करायचं, तेवढं सांग."

मला आजही त्याचं उत्तर येत नाही, आणि येत नाही याचा राग येतो. त्यांच्यावर येतो, नानांवर येतो, शंभर लिटरच्या त्या छापील ओळीवर येतो. पारोळ्याला उतरताना ते एवढंच म्हणाले, "बुधवारी भडगाव शे. पाना इसरू नको."

त्या घरी मी पुन्हा गेले नाही. फोनही केला नाही. पत्रकातली पाच माणसांची ओळ मात्र बदलली आणि कार्यालयात त्यावरून भांडले. आता आम्ही माणसं मोजत नाही, आंघोळी मोजतो. वरिष्ठांना वाटतं ही माझी कल्पना. मी दोनदा सांगितलं, आबांची आहे. तरी अहवालात माझंच नाव आलं.

गेल्या उन्हाळ्यात आबा गेले. पारोळ्यातच, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं. संस्थेने शोकसभा घेतली नाही, कारण ते पगारावर नव्हते. माझ्याकडे त्यांचा एक फोटोही नाही. पाइप धरलेले हात आहेत दोन-तीन फोटोंत, चेहरा कुठेच नाही. फोटो काढणारी मीच होते, मला सोलर दाखवायचा होता.

त्यांची गावं आता माझ्याकडे आली. नळ्यांतला क्षार काढणे, जोड तपासणे, वर्षातून एकदा. या डिसेंबरात यादीत देवपूर आलं. टाळता आलं असतं. गेले.

दार वहिनींनी उघडलं. कडेवर मुलगी, हातात दुधाचा पेला. एका हातात, बोटांनी धरलेला. मी त्या बोटांकडेच बघत राहिले.

"आता मिटते मूठ," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी उरतं हल्ली. ह्यांनी दोघांनी शॉवर सोडला ना. बादली घेतात."

"का सोडला?"

उत्तर थोरल्याने दिलं. तो पॅसेजातून येत म्हणाला, "अहो ताई, त्या शॉवरचं तेवढं बघा. तुमच्या आबांनी तो डबा काढून नेला त्या दिवसापासून धार म्हणून नाही. नुसतं ठिबकतं. तीनदा फोन केला त्यांना. दरवेळी एकच, 'क्षार शे, पानी जड शे.' आता ते गेले. तुम्हाला येतं ना उघडता?"

मी न्हाणीघरात गेले. स्टुलावर चढून शॉवरची मान उघडली. आत क्षाराचा कण नव्हता. सायकलच्या ट्यूबची एक गोल चकती होती, कात्रीने नीट कापलेली, चारी बाजूंनी घट्ट बसवलेली. मधोमध तापल्या खिळ्याने पाडलेलं भोक. काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढं.

मी ती तळहातावर घेतली. बाहेर थोरला मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांना माझा हात दिसत होता. त्या पुढे आल्या नाहीत, मागेही गेल्या नाहीत.

मला ओरडावंसं वाटत होतं. एका बाईच्या बादलीभर गरम पाण्यासाठी एका म्हाताऱ्याला ट्यूब कापावी लागते, तीनदा फोनवर खोटं बोलावं लागतं, यावर पत्रक नाही, आख्खं पुस्तक लिहावंसं वाटत होतं.

मी चकती होती तशी बसवली. टेप गुंडाळली. पाना लावला.

"निघाला का क्षार?" थोरल्याने बाहेरून विचारलं.

"नाही," मी जोड आवळत म्हणाले. "हा निघायचा नाही. तुम्ही बादलीच घ्या."