मुल्लाणीसरांची सॉफ्टवेअरची भिशी

हुपरीतल्या बाळूअण्णांच्या चांदीच्या पेढीवर पंख्याखाली एकच गादीची खुर्ची होती. मी माझा हिशेबाचा प्रोग्रॅम विकायला जाई तेव्हा ती मला मिळे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका दुपारी तिच्यात प्रा. दस्तगीर मुल्लाणी बसलेले दिसले आणि मला पत्र्याच्या स्टुलावर बसावं लागलं. सरांशी माझा परिचय झाला तो असा. त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात हा अन्याय नोंदवणं मी कर्तव्य समजतो.

सर तंत्रनिकेतनात शिकवत. ते आणि त्यांचे माजी विद्यार्थी फावल्या वेळात बसून चांदीवाल्यांसाठी प्रोग्रॅम लिहीत: कारागिराला चांदी किती दिली, पैंजण किती वजनाचे आले, घट किती. हा प्रोग्रॅम ते सोर्स कोडसकट, म्हणजे आतल्या मूळ लिखाणासकट, फुकट देत. कुणीही घ्यावा, बदलावा, शेजाऱ्याला द्यावा. माझ्या प्रोग्रॅमला किंमत होती आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू नये म्हणून कुलूपही होतं.

"फुकट हाय म्हंजे कायतरी खोट असणार की," अण्णा म्हणाले. मी मनापासून मान डोलावली.

खोट होतीच. लिहिणाऱ्यांना कुणी काही देत नव्हतं. एकेक विद्यार्थी नोकरीसाठी बंगळूरला जाऊ लागला आणि काम बंद पडायची वेळ आली. सरांनी व्यापाऱ्यांकडे देणगी मागितली. व्यापाऱ्यांनी चहा पाजला. मी तर त्या प्रोग्रॅमच्या शोकसभेचं भाषणही मनात जुळवलं होतं.

मग सरांनी भिशी काढली. महिन्याला प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि प्रोग्रॅममध्ये आपल्याला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याचा बदल मुलं त्या पैशांतून मेहनताना घेऊन करणार, आणि तो मिळणार सगळ्यांना.

"माझ्या हप्त्यावर समोरच्या पेढीवाल्यानं का मजा मारायची?" अण्णांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात तुम्ही त्यांच्या हप्त्यावर मारलीत की," सर म्हणाले.

"व्हय, पर ते मला आवडलं हुतं."

देणगीला हात आखडणारा माणूस भिशीला नाही म्हणत नाही, हे खरं तर मला सुचायला हवं होतं. गल्लीतल्या सगळ्या भिश्यांचा सभासद मी होतो. सुचलं सरांना. पुढं गारगोटीचे किराणावाले आले, जयसिंगपूरचे अडते आले. प्रोग्रॅम जगला. मी जळलो, आणि अजून जळतो.

त्यात सर भले. जयसिंगपूरच्या माझ्या एका गिऱ्हाइकाकडे माझ्या प्रोग्रॅमचं कुलूप ऐन पाडव्याला उघडेना आणि मी सासुरवाडीला. सर स्वतः गेले, सगळा हिशेब सोडवून दिला आणि वर त्या गृहस्थांना म्हणाले, "त्यांनीच पाठवलंय आम्हाला." गिऱ्हाईक माझंच राहिलं. सरांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही. असा माणूस हेवा करायलासुद्धा सोयीचा नसतो.

प्रोग्रॅम विकणं मी कधीच सोडलं; आता माझं छपाईचं दुकान आहे आणि त्याचा हिशेब सरांच्याच प्रोग्रॅमवर चालतो. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्यावर जळण्यात माझी प्रकृती उत्तम राहिली आहे.

परवा भिशीच्या बैठकीला जाऊन मागं बसलो आणि पहिला हप्ता भरला.

"पावणं, तुमची चिठ्ठी ऱ्हायली की," शेजारचे म्हणाले.

बराच वेळ पेन हातात धरून बसलो. काय बदलायला सांगावं ते सुचेना. कोरीच टाकली.