बोलायला परवानगी असलेली खोली

परीक्षेच्या वर्गात बोलायला बंदी असते. आमच्या खोलीत मात्र बोलल्याशिवाय पेपर पुढे सरकतच नाही. एक जण उत्तर सांगतो, दुसरा लिहितो, कोपऱ्यात कॉम्प्युटर प्रश्न वाचून दाखवतो. भर परीक्षेत इतकं बोलणं चालू असल्यावर किस्से साठणारच. स्टाफरूममध्ये कुणी विषय काढला की मी सुरू होते आणि माझा चहा गार होतो.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या परीक्षेची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा सगळे म्हणाले, "बरं झालं, हलकं काम मिळालं." परीक्षा विभागाचे प्रमुख देव सर तेवढे म्हणाले, "अभिनंदन नंतर करतो. आधी एक परीक्षा होऊ द्या." देव सर मूळचे पेठेतले. फार बोलत नाहीत, आणि बोलले की समोरच्याला परत बोलायला जागा ठेवत नाहीत.

*

वैभव वाशिमचा. जन्मापासून अंध, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. त्याला लेखनिक म्हणून आमच्याच ज्युनिअर कॉलेजातली सई मिळाली. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, असा नियम आहे. विद्यार्थी सांगेल तेवढंच त्यानं लिहायचं, स्वतःची भर घालायची नाही.

सई हुशार. वैभवनं चुकीचं सांगितलं की तिचा हात अडायचा. ती एक शब्द बोलायची नाही, पण पेन थांबायचा. आणि वैभवला ते थांबणं ऐकू यायचं.

"पेन काहून थांबला? चुकलं वाटते. खोड ते."

हे कॉपीत बसतं का, असा प्रश्न मी देव सरांकडे नेला. त्यांनी सईला बोलावून सांगितलं, "पेन थांबवायचा नाही. उत्तर कितीही वाईट असो."

पुढच्या पेपरला सईनं एक युक्ती केली. हात अडला की ती कागदाच्या वर, हवेतच पेन फिरवायची, म्हणजे थांबला असं वाटू नये.

वैभव शांतपणे म्हणाला, "हवेत लिहून राहिली तू. म्हणजे लईच चुकलं."

*

नंतर वैभवसाठी कॉम्प्युटर आला. स्क्रीन रीडर नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचतं, ते त्यात घातलं. प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर आली. ऑफिसनं छापील कागदाचा फोटो काढून तोच त्यात टाकला होता. माणसाला त्यात प्रश्न दिसतात, मशीनला नुसतं चित्र दिसतं.

वैभवनं हेडफोन लावला, बराच वेळ ऐकलं आणि हात वर केला.

"मॅडम, पहिला प्रश्न ग्राफिक आहे. दुसरा पण ग्राफिकच आहे. ह्याच्यावर टीप लिहायची का निबंध?"

शेवटी मीच सगळे प्रश्न वाचून दाखवले. वाया गेलेला वेळ देव सरांनी शेवटी वाढवून दिला. त्यावर ऑफिसमधून विचारणा झाली की एवढा उशीर कशामुळे? देव सरांनी उत्तरात एकच शब्द लिहून पाठवला, "ग्राफिक."

*

भूगोलाच्या पेपरात नकाशा भरायचा असतो. अंध विद्यार्थ्यांना त्याऐवजी पर्यायी प्रश्न देतात. कॉम्प्युटर यायच्या आधीच्या एका पेपरात पर्यायी प्रश्नाची सुरुवात अशी होती, "सोबतच्या आकृतीचे निरीक्षण करा."

सईनं तो जसाच्या तसा वाचला.

वैभव म्हणाला, "केलं. पुढं वाच."

*

आता रेश्मा. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. व्हीलचेअर वापरते, हातांवर ताबा कमी, आणि बोलणं सवय नसलेल्या माणसाला कळत नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा चांगलं चालतं. फोनवर एका बोटानं टाइप करते आणि फोन ते मोठ्यानं बोलून दाखवतो.

आमच्या लिफ्टवर 'फक्त प्राध्यापकांसाठी' अशी पाटी होती. लिफ्टमन नवीन होता. त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. रेश्मानं फोन काढला आणि टाइप करायला लागली. लिफ्टमन थांबला, मागे रांग लागली, त्या रांगेत देव सरही होते. बऱ्याच वेळानं फोनमधली बाई कोरड्या आवाजात बोलली, "मी प्राध्यापक होईपर्यंत इथेच थांबू का?"

देव सरांनी त्याच दुपारी पाटी काढून घेतली. फेकली नाही. दुसऱ्या दिवशी ती जिन्याच्या तोंडाशी लावलेली दिसली.

*

रेश्माचा शेवटच्या वर्षाचा अर्थशास्त्राचा एक पेपर राहिला होता. अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. फोनला परीक्षेत परवानगी नाही, आणि मिळालेल्या लेखनिकाला तिचं बोलणंच कळेना. प्रत्येक वाक्य चार-चारदा सांगावं लागलं. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, तीही संपली आणि निम्मा पेपर कोरा राहिला.

तिचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. निकालानंतर ते मला भेटायला आले. खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, "मॅडम, तिला येत नसतं तर मी समजून घेतलं असतं. येत असून राहिलं. घरी आल्यापासून ती फोनला हातबी लावत नाय." म्हणजे मुलीनं बोलणंच बंद केलं होतं. परत परीक्षेला बसायलाही ती तयार नव्हती.

आम्ही लेखनिक शोधायला लागलो. मुलं यायची, तिच्यासमोर बसायची, दोन वाक्यं ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. दर वेळी रेश्माचा चेहरा आणखी मिटायचा. एकदा असाच एक मुलगा उठून गेला तेव्हा वैभव दारापाशी उभा होता. रेश्मा काहीतरी पुटपुटली आणि हा एकटाच हसला.

मी विचारलं, "तुला कळलं?"

"कळलं की. ताई तर हळू बोलते." तो स्क्रीन रीडर इतक्या वेगात लावून ऐकतो की आपल्याला नुसती चिवचिव ऐकू येते. त्याच्या मानानं रेश्मा खरंच हळू बोलत होती. टायपिंग तर तो आमच्या ऑफिसपेक्षा जलद करतो.

मी देव सरांकडे गेले. त्यांनी नियम वाचले, चष्मा काढला. "वैभव खालच्या वर्गात आहे. अर्थशास्त्र त्याचा विषय नाही. लेखनिकाला लिहिता आलं पाहिजे असं इथे आहे, दिसलं पाहिजे असं कुठेच नाही. बसवा." तेवढ्यावर न थांबता त्यांनी विद्यापीठाची लेखी परवानगीही आणली.

पेपरच्या दिवशी रेश्मा प्रश्न स्वतः वाचत होती आणि उत्तर सांगत होती. वैभव एका कानानं तिचं ऐकत होता, दुसऱ्या कानात हेडफोन घालून लॅपटॉपवर टाइप करत होता. कुठे चुकलं तर तिला पडद्यावर दिसायचं, ती हूं करायची, तो दुरुस्त करायचा. कुणाला मध्ये पडावं लागलं नाही. ती पास झाली आणि आता एम.ए. करतेय, हे आत्ताच सांगून टाकते, कारण किस्सा निकालाचा नाही.

पेपर निम्मा झाला असेल, तेवढ्यात भरारी पथक आलं. पथकाच्या साहेबांनी वैभवकडे बघितलं, त्याच्या काठीकडे बघितलं आणि देव सरांना म्हणाले, "परीक्षार्थी हे ना?"

"नाही. हे लेखनिक."

"अहो, अंध लेखनिक? कॉपी झाली तर?"

देव सर म्हणाले, "हा तिच्या पेपरात डोकावताना दिसला, तर मला लगेच बोलवा."

साहेबांना परवानगीचं पत्र दाखवलं, तरी त्यांचं समाधान होईना. ते रेश्मापुढे वाकले. लहान बाळाशी बोलतात तसं, मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्यांनी विचारलं, "बाळ, तुला, प्रश्न, समजतात, का?"

रेश्मानं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि दोन-तीन वाक्यं बोलली. मला एक अक्षर कळलं नाही. वैभवची बोटं कीबोर्डवरच थांबली आणि त्याचे कान लाल झाले.

साहेब त्याच्याकडे वळले. "काय म्हणाली ती?"

वैभवनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"सर, मी लेखनिक आहे. उत्तराशिवाय दुसरं काही बोलायची मले परवानगी नाही."