आबांचे पाय

माझ्या वडिलांना, आबांना, साखरेचा त्रास मी शाळेत असल्यापासून होता. गोळी घ्यायची आणि गोड टाळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. कुरवंड्याला शेती करणारा माणूस. पायांकडे कोण बघतो?

लग्नानंतर मी घोरावाडी स्टेशनजवळ राहायला आले. एकदा आबा लोकलनं भेटायला आले, ते एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी.

"आबा, दुसरी कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं. "आयला, कवा निसटली? कळलंच न्हाई बग."

भर उन्हात, तापलेल्या डांबरावरून ते चालत आले होते. मी पोट धरून हसले. शेजारणीलाही बोलावून सांगितलं. आबाही हसले. नवी चप्पल आणली आणि विषय संपला.

त्या थंडीत ते पुन्हा आले. "तळवं गार पडल्यात, लय मुंग्या येत्यात," म्हणाले. मी पातेलंभर पाणी तापवून टबात ओतलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून आत गेले. पाण्यात बोट घालून पाहिलं नाही. परत आले तर पाय टबात सोडून आबा निवांत पेपर वाचत होते. पाय पुसायला घेतले आणि टॉवेलबरोबर कातडी निघून आली. मी किंचाळले.

"काय झालं गं?" ते मलाच विचारत होते.

डॉक्टरांनी जखम बांधली. मग आबांना डोळे मिटायला लावून तळव्यांना बारीक नायलॉनचा धागा टोचला. "लागलं की सांगा." आबा वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं, धागा घोट्याशी आल्यावर, एकदाच "व्हय" म्हणाले.

"साखरेनं नसा बधिर झाल्यात," डॉक्टर मला म्हणाले. "गेलेलं परत येणं अवघड. उरलंय ते जपू. याआधी कधी काही जाणवलं नाही?"

मी चपलेचं सांगितलं.

जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. आता इन्सुलिन आहे, मुंग्यांसाठी गोळ्या आहेत, मऊ तळाचे बूट आहेत. आबा रोज आरसा धरून तळवे बघतात. भाताच्या चिखलात उतरायला मात्र कायमची मनाई झाली.

परवा तपासणीला नव्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, "भाजलं कसं?"

"मीच वतून घेतलं वो," आबा चटकन म्हणाले. "पोरगी नगं म्हनत हुती."

मी शेजारीच उभी होते. खरं सांगायचं सोडून मी आबांच्या पायात बूट चढवू लागले. बाईंनी ते तसंच लिहून घेतलं.